आई लाजती हाक मारायला

आमच्या घरात लहान मुलांची दृष्टसुद्धा कुणी काढत नसे. वडील सुप्याच्या एमआयडीसीत फिटर, आई अंगणवाडीत. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की दोघंही उठून आपापल्या कामाला लागायचे. मीही तशीच. डॉक्टर झाल्यावर तर विषयच संपला होता... म्हणूनच हे लिहायचं की नाही, यावर मी बरेच दिवस घुटमळले.

तेव्हा मी प्रसूतीशास्त्राचं पीजी करत होते आणि नेवाशाजवळच्या एका रुग्णालयात माझी पोस्टिंग होती. ऊसतोडीचा हंगाम होता. पाथर्डीकडच्या टोळ्या कारखान्याभोवती पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, घालून राहिल्या होत्या आणि त्यातल्या बायका बाळंतपणाला आमच्याकडे यायच्या. बहुतेकदा अगदी शेवटाला, उसाच्या फडातून थेट.

कविता मात्र सकाळीच आली होती. नववा महिना, कंबर दुखत होती. माझ्या बरोबरीच्या डॉक्टरने तिला तपासून दाखल करून घेतलं, बाळाचे ठोकेही ठीक होते. मी लेबर रूममध्ये अडकलेली. तिचा चेहराही मी पाहिला नव्हता.

दुपारी एक बाळंतपण उरकून मी हात धूत होते. कुणीतरी मागून ॲप्रन ओढला. वळून पाहिलं तर चारेक वर्षांची एक मुलगी. वॉर्डात नातेवाइकांची पोरं हिंडतच असतात, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही.

"काय गं, कुणाची तू?"

"आईचं पोट बघ ना."

"नर्सताईंना सांग हं बाळा. मी येतेच."

ती जागची हलली नाही. "आई लाजती हाक मारायला. तू चल."

आणि तिनं माझं बोट धरलं. तिचा हात गरम होता, जरा चिकट होता — लहान मुलांचा असतो तसाच. तिच्या मागे मागे मी खिडकीजवळच्या शेवटच्या खाटेपर्यंत गेले.

कविता एका कुशीवर, पदराचं टोक दातात धरून पडली होती. सोबत कुणी नाही. सासू भाकरी आणायला कोपीवर गेलेली, नवरा औषधाच्या दुकानात. मी पोटावर हात ठेवला... दगड! कळ येऊन गेली की पोट सैल पडतं. हे पडतच नव्हतं. बाळाचे ठोके निम्म्यावर आलेले. वार गर्भाशयापासून आतल्या आत सुटायला लागली होती आणि बाहेर रक्ताचा थेंब नव्हता. आमच्या शिक्षणात ज्याची सगळ्यात जास्त भीती घालतात, ते हेच.

"असं कधीपासून दुखतंय?"

"मगाधरनं. म्हटलं कळाच असत्याल. तुमी समदे कामात हुता म्याडम..."

पुढचं सगळं धावपळीत झालं. मोठ्या मॅडम पळतच आल्या, तातडीनं सिझेरियन केलं. मुलगा. निळसर, हातपाय लोंबणारा. मी त्याला मास्क लावून श्वास देत राहिले, मनात नको ते येत होतं... आणि मग तो मांजराच्या पिलासारखा बारीक रडला. ऑपरेशन थिएटरमधल्या आम्ही सगळ्याजणी एकदम हसलो.

"थोडा जरी उशीर झाला असता तर..." मॅडमनी वाक्य अर्धंच सोडलं. "तुला कळलं कसं पण?"

"तिच्या मुलीनं बोलावलं."

दुसऱ्या दिवशी राउंडला जाताना मी बिस्किटाचा पुडा घेतला. "मोठी कुठंय तुमची?"

कविताचा नवरा गोंधळला. "मोठी? न्हाई म्याडम. पयली पोटातच गेली. चार सालं झाली."

"अहो, काल मला बोलवायला आली होती ती..."

सासूबाई भिंतीशी चटई घालून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या संगं कुनाचंबी लेकरू न्हाई आलं."

शेजारच्या खाटेवरची बाई सगळं ऐकत होती. "काल तुमी एकट्याच आल्या की," ती म्हणाली. "पर हात असा खाली सोडून, जरा वाकून चालत हुता. मला वाटलं कंबर धरली आसंल."

मी बिस्किटाचा पुडा खिशात ठेवला. नवरा बाहेर गेल्यावर कवितानं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, घाबरली असेल. ती घाबरलेली नव्हती.

"कशी दिसत हुती?" तिनं हळूच विचारलं. "मला दावलीच न्हवती. बघू नगं म्हनले, जीव अडकंल. फडक्यात गुंडाळून नेली."

मी आठवेल तसं सांगत गेले. सावळी. मोठं कपाळ. वरचा ओठ जरासा उचललेला.

"तिच्या बापावानी," ती म्हणाली. "आन् केस?"

"कुरळे. दोन वेण्या होत्या."

तिनं बाळाच्या जावळावरून बोट फिरवलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "म्हंजी वाढतीये ती."

सासूबाई कधी उठून खाटेपाशी आल्या, कळलंच नाही. त्यांनी डोळे पुसले आणि मला विचारलं, "केवढी झालीये? दावा की." मी माझ्या कमरेपाशी हात धरून दाखवला. त्यांनीही आपला हात तेवढ्याच उंचीवर धरला... आणि बराच वेळ तसाच ठेवला.

मी पुष्कळ विचार केलाय. थकले असेन, दुसऱ्याच कुणाची मुलगी असेल, शेजारची बाई नीट बघत नसेल. पण मग त्या मुलीला पोटाचं कसं कळलं? मला शिकवलेल्या कशातच हे बसत नाही आणि ओढूनताणून मी ते बसवणारही नाही.

आता मी स्वतः शिकाऊ डॉक्टरांना शिकवते. बाळ गेलेलंच जन्माला आलं, तर आईला विचारल्याशिवाय ते कुणाच्या हातात द्यायचं नाही, असं त्यांना बजावून सांगते. बघायचंय का, घ्यायचंय का, म्हणून आधी तिला विचारा. काहीजणी नको म्हणतात. पण बहुतेकजणी हात पुढे करतात.