वर पट्टा, खाली पट्टा

व्हिडिओ लायब्ररी चालवणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. डिस्क परत करताना लोक ते कव्हरात घालूनच आणतात. डिचोलीत बसस्टँडच्या मागे आमची लायब्ररी होती. नावावर ती आमच्या ह्यांची, पण काउंटरवर मी. त्यामुळे शिव्या मला आणि मोठेपणा ह्यांना, अशी सरळ वाटणी होती. त्यातले निम्मे किस्से एकाच भांडणाचे. सिनेमा टीव्हीभर दिसावा, की वर-खाली काळे पट्टे येऊन पूर्ण दिसावा?

* * *

पहिला मान गणपत मास्तरांचा. निवृत्त झाले तरी फूटपट्टी सुटली नव्हती. एका सकाळी डिस्क काउंटरवर ठेवून म्हणाले, "वैनी, माझा टीव्ही एकवीस इंची. वर पावणेतीन इंच काळं, खाली पावणेतीन इंच काळं. हे साडेपाच इंच कुठे गेले?"

मी समजावलं, की मास्तर, थिएटरचा पडदा लांबट आणि आपला टीव्ही चौकोनी. लांबट चित्र पूर्ण बसवायचं तर वर-खाली जागा उरणारच. टीव्ही भरायचा तर बाजू कापाव्या लागतात.

मास्तरांनी विचार केला आणि म्हणाले, "मग कापा की. कडेला कोण बघतो?"

* * *

ह्यांनी मास्तरांचं ते वाक्य उचललं. पट्टेवाल्या सगळ्या डिस्का पणजीच्या दुकानदाराला परत केल्या आणि बदल्यात टीव्हीभर दिसणाऱ्या आणल्या. मला विचारलं नाही.

मी एक लावून दाखवली. नायक-नायिका मेजाच्या दोन टोकांना बसून भांडत होते. टीव्हीवर फक्त मेज, आणि दोन्ही बाजूंनी एकेक नाक.

"बघा, कोण कोणाशी भांडतंय?"

"आवाज येतो ना?" हे म्हणाले. संसारात अशी उत्तरं ऐकून घ्यावी लागतात. मी ऐकून घेतलं, पण त्या रात्री जेवताना दुसऱ्यांदा वाढलं नाही.

* * *

मग आमोण्याहून शेवंतीबाय आली. बरोबर तिची मुलगी शुभदा. बारा दिवसांवर शुभदाचं लग्न, सासर पेडण्यात. शेवंतीबायला सिनेमा हवा होता तो एकच. गोवा राज्य झालं त्या सुमाराला आमोण्याच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर त्याचं शूटिंग झालं होतं.

तिचा नवरा वासू फेरीवर खलाशी. फेरी धक्क्याला लागली की दोर टाकायचं त्याचं काम. शूटिंगवाल्यांनी त्याला तसाच उभा केला. वर्षाच्या आत तो तापाने गेला. शुभदा तेव्हा चालायलाही लागली नव्हती. घरात त्याचा एकच फोटो, तोही ओळखपत्रासाठी काढलेला, ताठ मानेचा.

"हिणें बापायक हलताना केन्नाच पळोवंक ना," शेवंतीबाय म्हणाली. "लग्नाच्या आदीं एक फावट दाखयतां म्हणून सांगलां तिका."

सिनेमा आमच्याकडे होता. दुकानातल्या टीव्हीवर लावला. फेरी आली, नायिका उतरली, पाणी दिसलं. वासू नाही.

"हांगाच आसले," शेवंतीबाय टीव्हीच्या डाव्या कडेवर बोट ठेवून म्हणाली. "दाव्या बाजूक, दोर धरून. सिनेमाच्या तंबूत दोन फावटी पळयलां हांवें."

शुभदा हळूच म्हणाली, "आई, राहू दे." तिच्या आवाजात राग नव्हता, आईची कीव होती. मला तेच जास्त लागलं. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आईने दुःखात रचली असावी, असं त्या पोरीला तेव्हा वाटायला लागलं होतं.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पंखा पुसायला लागले.

* * *

दुसऱ्या दिवशी हे न सांगता स्कूटर घेऊन पणजीला गेले. दुकानदार म्हणाला, "पट्टेवालो कोण घेता? तुमीच परत केल्लो न्हय? हांवें फुडें धाडलो." म्हापशाला गेले, तिथेही नाही. आठवडा गेला. ह्यांचं जेवण कमी झालं. मी बोलत नव्हते, आणि न बोलणं जास्त लागतं हे मला माहीत होतं.

शेवटी कोणीतरी मुरगावचा पत्ता दिला. बंदरात कामाला असलेला बेळगावकडचा एक माणूस, मल्लाप्पा, जुने सिनेमे जमवायचा. हे त्याच्या खोलीवर गेले. डिस्क होती, पट्टेवाली!

"पट्टे हाईत म्हणूनच घेतलीया," मल्लाप्पा म्हणाला. "भाषांतराची अक्षरं पट्ट्यावर येत्यात, मान्सांच्या तोंडावर न्हाई. रविवारी परत पायजे. आन् तुम्ही सोता आणून द्यायची."

ह्यांनी देवाचा प्रसाद आणावा तशी ती डिस्क रुमालात बांधून आणली.

* * *

लग्नाला तीन दिवस. आमोण्याला निरोप धाडला आणि मायलेकी दुपारी आल्या. शुभदाला संध्याकाळी चुडा भरायचा होता, म्हणून दोघी दारातूनच घाई करत होत्या. ह्यांनी डिस्क घातली. दुकानात आम्ही चौघंच. मी दार लोटून घेतलं.

फेरी आली. नायिका उतरली. पाणी दिसलं. वासू नाही.

शेवंतीबायने पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती गडबडली होती. "तंबूत पळयल्लें," ती पुटपुटली, "का माकाच दिसलें तें?"

शुभदाने तिचा दंड धरला. "चल आई. चुडो भरूंक बसपाचें आसा."

त्या दोघी उठल्या आणि माझी नजर टीव्हीवर गेली. चित्र वरपासून खालपर्यंत भरलेलं होतं.

"अहो," मी म्हटलं, "पट्टे कुठे आहेत?"

ह्यांचा चेहरा उतरला. मास्तरांच्या तक्रारीनंतर ह्यांनी दुकानातला प्लेअर कायमचा झूमवर टाकून ठेवला होता. चुकून एखादी पट्टेवाली डिस्क राहिली असली तरी गिऱ्हाईकाला कळू नये म्हणून. मुरगावहून डिस्क आणली, आणि आपल्याच हाताने तिच्या बाजू कापून लावली. मला इतका संताप आला की रिमोट मी त्यांच्या हातातून ओढूनच घेतला.

* * *

झूम काढला. वर पट्टा आला, खाली पट्टा आला. चित्र बारीक झालं आणि रुंद झालं.

फेरी आली. नायिका उतरली. आणि अगदी डाव्या कडेला, बाह्या दुमडलेला एक सडपातळ माणूस दोर धरून उभा होता. त्याने दोर खुंट्याला टाकला, गाठ ओढली, ओला हात लुंगीला पुसला. मग मान आणखी डावीकडे, चित्राबाहेर वळवून तो हसला. शॉट संपला.

शुभदा उभीच होती. म्हणाली, "परत लावा."

मी परत लावलं. चार वेळा लावलं. शेवंतीबाय पडद्याकडे बघतच नव्हती, मुलीकडे बघत होती.

पाचव्या वेळी शुभदाने विचारलं, "आई, सगळे नायिकेकडे बघतात. बाबा खंय बघून हांसतात? थंय तर कोणूच ना."

"आसा," शेवंतीबाय म्हणाली. "हांव आसलें, धक्क्यार, कॅमेऱ्याच्या भायर. तूं म्हज्या कडेर."

शुभदाने एकदा आईकडे बघितलं. मग ती टीव्हीपाशी गेली आणि त्याच्या डाव्या अंगाला, टीव्ही आणि भिंत यांच्या मधल्या वीतभर जागेत, पाठ भिंतीला लावून उभी राहिली. तिथून पडदा दिसत नाही.

"आता लावा, वैनी," ती म्हणाली.