खांद्याला सोसेल अशी

बंदूक विकत न घेता उभा जन्म बंदुकीत घालवलेला माणूस रत्नागिरी तालुक्यात एकच, माझे मामेसासरे. आरे-वारेच्या वरच्या अंगाला त्यांचं भातशेत. रानडुकरं दरवर्षी पीक लोळवायची. शेतीसंरक्षणाचा परवाना मामांच्या कपाटात तयार होता. अडलं होतं ते कोणत्या बोअरची, म्हणजे किती रुंद नळीची घ्यायची यावर. “एकच हवी. लहान डुकराला फार नको, सुळेवाल्याला कमी नको, आणि माझ्या खांद्याला कळता नये.” बंदुकीचा धक्का मापायची त्यांची रीत म्हणजे समोरच्याला खांद्यावर तळहात मारायला लावणं. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी व्याह्यांचे सुभेदार भाऊ गाठले. “सुभेदार, जरा तीनशे पंधराच्या रायफलीचा धक्का मारा. हां, आता बारा बोअर.” दुसऱ्या दणक्याला मामा जिलेबीच्या परातीत बसले आणि तिथूनच म्हणाले, “बारा बोअर रद्द.”

मी मिरजोळ्यात पंपांचा धंदा शून्यातून उभा केला. घासाघीस मनसोक्त करतो, पण ठरलेला सौदा मोडत नाही. कोल्हापूरच्या एका दुकानात तीनशे पंधराची जुनी रायफल हेरली आणि दुकानदार रडकुंडीला येईपर्यंत भाव पाडला. मामांनी ती खांद्याला लावली, डोळे मिटले. “उत्तम आहे, जावईबापू. फक्त देवाचा कौल घेऊ.”

गावच्या देवळात गुरवाने देवाला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर घ्यायची, डावी पडली तर नाही. दुपार टळली तरी एकही पडेना. “देवालाही बोअर ठरवता येत नाहीये,” मामा समाधानाने म्हणाले. “देवाला कुठे खांद्याला लावायचीय?” मी ओरडलो आणि तडक निघून आलो. ठरलेला सौदा मला मोडावा लागला. त्या दुकानात मला आता कोणी बस म्हणत नाही. मी मामांशी बोलणं टाकलं. ती सल अजून आहे.

त्या साली डुकरांनी सगळं भात नेलं. मामांनी शेत पड टाकलं ते कायमचं.

परवा बायकोने मला मामांकडे ओढून नेलं. मामा ओटीवर पडून होते, पुढ्यात गवत माजलेलं शेत. म्हणाले, “जावईबापू, त्या रायफलीचा धक्का कितीसा असेल हो?”

मी ती कधी उडवली नव्हती. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सदऱ्याखाली नुसतं हाड. अगदी अलगद दाबलं.

“इतकाच?”

“इतकाच.”

ते शेताकडे बघत राहिले. “मग घ्यायला हवी होती.”