पाचशे एक आणि एक ब्लाउजपीस

माझ्या नणंदेला, अवंतीला, हात आहे, तोंड नाही. चेहरा असा काढते की माणूस आता बोलेल. पण "किती द्यायचे?" विचारलं की मान खाली घालून म्हणते, "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या." आणि आमच्या जबलपूरच्या मराठी लोकांना योग्य काय वाटतं, तर पाकिटात पाचशे एक आणि वर एक ब्लाउजपीस. घरचीच पोर ना! तिच्या कपाटात एकेचाळीस ब्लाउजपीस पडलेत, मी मोजलेत. शिवून घ्यायला पैसे नाहीत.

शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडून तिने सदर बाजारात खोली घेतली, तेव्हा माझ्या नवऱ्याने, नीलकंठने, सांगून टाकलं होतं: पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत चित्रांवर खोलीचं भाडं निघालं तर ठीक, नाहीतर परत शाळा. त्या गणपतीत गणेश मंडळाने तिच्याकडून तिची चित्रं छापलेले चहाचे मग करून घेतले. एकेक छापायलाच एकशे ऐंशी लागले आणि हिने विकले दोनशेला. मी म्हटलं, "काहून? लष्कराच्या भाकऱ्या भाजून राहिली का तू? सराफ्यात सोनार सोनं वेगळं लावतो, मजुरी वेगळी लावतो. तुझी मजुरी कुठंय?" तर म्हणे, "वहिनी, ओळखीचे लोक आहेत." भीड भिकेची बहीण, दुसरं काय.

मग उन्हाळ्यात शैलजाकाकू आल्या. आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांचे यजमान श्यामसुंदरकाका आदल्या वर्षी गेले, त्यांच्या वर्षश्राद्धाला मोठं तैलचित्र हवं होतं. फोटो एकच, पेन्शनच्या कागदावरचा, रागावल्यासारखा. या वेळी मी शेजारी बसून अवंतीकडून आकडा वदवून घेतला. कॅनव्हास आणि रंग अठराशे, वर बावीस दिवसांची मजुरी, मिळून नऊ हजार. म्हणजे दिवसाला सव्वातीनशे, रोजंदारीवरचा मजूरसुद्धा जास्त घेतो. काकू म्हणाल्या, "अच्छा, अच्छा, बघू नं." अवंती अर्धे आगाऊ मागणार होती, मीच डोळ्याने गप्प केलं. दुःखातल्या बाईकडे आगाऊ काय मागायचं, असं वाटलं मला. अक्कल गहाण पडली होती माझी.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी काकू खाली ऑटो थांबवून वर अवंतीच्या खोलीत आल्या. चित्र पाहून रडल्या. काका हसत होते त्यात. डोळे पुसून त्यांनी पर्समधून पाकीट काढलं. पाचशे एक, वर हिरवा ब्लाउजपीस. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण माझ्याआधी अवंतीच बोलली.

"काकू, नऊ हजार ठरलेत."

"अगं बेटा, घरच्या माणसांत असा हिशोब करतात का? तोही मेलेल्या माणसाचा?"

"मग चित्र इथेच राहील."

काकू पाकीट घेऊन तरातरा खाली उतरल्या. श्राद्धाला पेन्शनचाच फोटो मोठा करून ठेवला आणि आल्यागेल्याला सांगितलं, नीलकंठच्या बहिणीने माझा मेलेला माणूस अडवून धरला. समाजातली दोन कामं ठरलेली होती, तीही गेली. नीलकंठ मलाच म्हणाला, "तूच फूस लावलीस." मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही.

अवंतीने काकूंना लिहून कळवलं: महिन्याच्या आत पैसे देऊन चित्र न्या, नाहीतर कॅनव्हास दुसऱ्या कामाला घेईन. काकूंनी ते मंडळात वाचून दाखवलं आणि सगळ्या बाया हसल्या. दुसऱ्याच्या नवऱ्याचं चित्र कोण विकत घेणार, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. पोर आज ना उद्या नमेल म्हणून त्या आरामात बसल्या होत्या.

दीड महिन्याने एका कर्नलच्या बायकोने कुत्र्याचं चित्र काढायला सांगितलं. अवंती म्हणाली, दहा हजार, अर्धे आधी. बाई "ठीक है" म्हणाली आणि पाच हजार देऊन गेली. त्यातून थकलेलं भाडं भागलं, नव्या कॅनव्हासला काही उरलं नाही. अवंतीने काकांवर पांढरा रंग फिरवला. तिचा हात थांबला नाही. मीच तोंड फिरवलं.

दिवाळीच्या तोंडावर काकू आल्या. बंगलोरहून मुलगा येणार होता, त्याला चित्र पाहायचं होतं. पूर्ण नऊ हजार टेबलावर आपटून म्हणाल्या, "घे तुझी मजुरी. दे माझा माणूस."

अवंतीने समोर बोट केलं. लांब कानांचा तपकिरी कुत्रा जवळजवळ पुरा झाला होता. "काकू, काका त्याच्याखाली आहेत. मी कळवलं होतं तुम्हाला."

काकू कॅनव्हासजवळ गेल्या आणि कुत्र्याच्या रंगाखाली काका दिसतात का पाहू लागल्या. खोटं काहून बोलू, आधी मला बरं वाटलं. मग नाही वाटलं.

त्यांनी विचारलं, "पुन्हा काढशील?"

"काढीन. चौदा हजार. सात आधी."

"हसू तसंच येईल नं?"

"चेहरा येईल," अवंती म्हणाली. "हसू फोटोत नव्हतं, मी आठवणीतून काढलं होतं. आता मी काकांना आठवायला बसले की तुमचं पाकीट आठवतं."

काकूंनी सात हजार मोजले आणि तिच्या हातात दिले.