पडद्याचा उरलेला कोपरा

माझा मेहुणा कॉर्नी थीसन कोंबड्यांना सोडून कुठे जात नसे. विनिपेगच्याही खाली, आल्टोना शहराच्या दक्षिणेला आमचं गाव. रविवारी दुपारी एकमेकांकडे फास्पाला जायचं, कॉफी, बन्स, मुरंबा, आणि वर तासभर गैरहजर लोकांची उणीदुणी. कॉर्नी अर्ध्या कपावर उठायचा. "पंखे बघून येतो," म्हणायचा आणि परत यायचाच नाही. बंद शेडमध्ये पंखे थांबले तर उन्हाळ्यात कोंबड्या तासाभरात मरतात. माझी बहीण अगाता मग एकटीच घरी जायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्यासोबत तिने एक रात्रसुद्धा बाहेर काढली नव्हती. आम्ही तिला चिडवायचो, तुझ्या सवती पांढऱ्या आहेत आणि हजारोंनी आहेत. ती हसायची. नंतर नंतर हसेनाशी झाली.

मग पोल्ट्रीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर फोनवर दिसायला लागला. पंख्यांची यंत्रणा विकणाऱ्याने ते ॲप घालून दिलं. तिकडचा अख्खा पडदा तसाच्या तसा हातात, आणि इथे बोट टेकवलं की तिकडे बटण दाबलं जायचं. पण तिकडचा पडदा हातभर रुंद आणि फोन तळहाताएवढा. त्यात कॉर्नीची बोटं म्हणजे गाजरं. पहिल्याच आठवड्यात पंखे बघता बघता त्याने एका शेडचे दिवे घालवले. मग त्याने स्वतःची युक्ती काढली. दोन बोटांनी चित्र इतकं ताणायचं, की चार नंबरच्या शेडचं तापमान तेवढं फोनभर दिसावं. चार नंबर सगळ्यांत जुनी, दगा देईल तर तीच, हा त्याचा हिशोब. बाकीचा पडदा फोनच्या कडेबाहेर गेलेला असायचा. ही युक्ती तो फास्पाला सगळ्यांना दाखवायचा, आणि आता कप संपेपर्यंत बसायचा.

अगाताने संधी साधली. जुलैत तिने विनिपेग सरोवरावर दोन रात्रींसाठी कॅबिन घेतली. सकाळ-संध्याकाळ शेडवर फेरी मारायचं मी कबूल केलं, माझं घर तिथून दोन मैलांवर. निघताना तिने नवीन फ्रॉक घातला होता. या वयात एवढी नटलेली बघून मला बरं वाटलं.

तिथे काय झालं ते तिनेच मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कलिंगडासोबत खायचे रोलकूखन, म्हणजे पिठाच्या पट्ट्या, तळून झाले होते, ती कलिंगड कापत होती. कॉर्नी फोनशी झटत होता.

"अगाता, हे हलत नाहीये. कुठेही दाबलं तरी काही होत नाही."

"आकडा काय म्हणतोय?"

"आकडा चांगला आहे."

"मग झालं तर. इथे रेंज तरी धड कुठे आहे? ठेव तो खिशात. तुझं तोंड दिसलं नाही म्हणून कोंबड्या काही मरत नाहीत."

"मी पटकन जाऊन येतो की."

"दोन तास जायला, दोन यायला. मग राहिलं काय? जायचं तर जा, कॉर्नी. पण मग मला घ्यायला येऊ नकोस."

त्याने फोन खिशात ठेवला. कलिंगड खाल्लं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तिच्यासोबत पाण्यात उतरला, आणि आपणहून तिचा हात धरला.

त्याआधी थोडाच वेळ गावात वीज जाऊन लगेच आली होती. पंखे थांबले, कॉम्प्युटर बॅटरीवर चालू राहिला. वीज आल्यावर त्याने पडद्यावर विचारलं, पंखे पुन्हा सुरू करू का? एक बारीकशी चौकट, पडद्याच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात, कॉर्नीच्या ताणलेल्या चित्राबाहेर. तिला 'हो' म्हटल्याशिवाय दुसरं काही चालत नाही, मागचे आकडेसुद्धा होते तिथेच थांबतात. आवारातला भोंगा वाजत होता. ऐकायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी मी शेडचं दार उघडलं आणि गरम वाफ तोंडावर आली. चारही शेडमध्ये एकही कोंबडी उठली नाही. मी फोन करून दोघांना बोलावलं.

कॉर्नी आला तो सरळ ऑफिसात गेला. चौकट मोठ्या पडद्यावर तशीच उभी होती. तो तिच्याकडे बघत राहिला, मग खिशातून फोन काढला. चित्र दुपारी ताणलं होतं तसंच होतं. त्याने ते दोन बोटांनी हळूहळू लहान केलं, तशी चौकट फोनवरही आली. त्याने 'हो' दाबलं. चारही शेडचे पंखे एकदम सुरू झाले आणि मेलेल्या कोंबड्यांची पिसं उडायला लागली. मला तिथे उभं राहवेना.

पुढे नवी पिल्लं आली, धंदा सावरला. कॉर्नी मात्र त्या ऑफिसातच झोपतो, मोठ्या पडद्यासमोर. अगाता आत गेली की तो उठून शेडमध्ये जातो. त्या दुपारबद्दल त्याने तिला एका शब्दाने बोल लावलेला नाही. परवा मी तिला म्हटलं, तुझा नवरा देवमाणूस आहे, दुसरा असता तर घर डोक्यावर घेतलं असतं.

"घेऊ दे ना, याश," ती म्हणाली. "निदान घरात तरी येईल."