पाहुणीच्या आठवड्याचं पाणी

परदेशी मुलगी आठवडाभर आमच्याकडे राहायला येणार हे नक्की झालं, तेव्हा घरातून सगळ्यात आधी बाहेर पडली ती बाल्कनीतली दोन निळी पिंपं. नवऱ्याने ती गच्चीवर नेली आणि कुणाच्या तरी वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सखाली झाकून ठेवली. मग आरओच्या नळीखालची बादली ओट्याखाली मागे सरकली. ते पाणी आम्ही फरशी पुसायला वापरतो. कपड्यांच्या मशीनची नळी जिच्यात सोडतो ती मोठी बादली गेली. ते पाणी संडासात लागतं. बाथरूममध्ये मुळात शॉवर नव्हताच. तो बसवून घेतला.

मुलगी पाण्याचा अभ्यास करायला येणार होती.

उत्तर युरोपातल्या एका विद्यापीठाचा हा दोन आठवड्यांचा कोर्स होता, विषय शाश्वत विकास. वीसेक विद्यार्थी पिंपरी-चिंचवडला आले होते. पहिला आठवडा इथल्या एका कॉलेजात वर्ग, दुसरा आठवडा एकेका कुटुंबात मुक्काम. त्या कुटुंबाला रोज किती पाणी लागतं ते स्वतः मोजायचं आणि शेवटी सगळ्यांसमोर मांडायचं. मोशीतल्या आमच्या सोसायटीच्या वाट्याला दोघी आल्या, त्यातली एक आमच्याकडे. आमचा मुलगा नोकरीसाठी बंगळूरला असतो, त्याची खोली रिकामीच होती.

नवरा सोसायटीचा सेक्रेटरी. एरवी आमच्याकडे पाणी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दीड तास सोडलं जातं. टाक्या टँकरने भरून घ्याव्या लागतात. पाहुण्यांच्या आठवड्यात चोवीस तास पाणी ठेवायचं आणि टँकर मुली बाहेर गेल्या की मागच्या गेटनं आणायचे, असा ठराव कमिटीने एकमताने केला. पार्किंगच्या बाबतीत आमचं गेल्या सहा वर्षांत एकमत झालेलं नाही.

मी महाळुंग्याच्या एका कंपनीत गेज तपासण्याचं काम करते. म्हणजे मोजायचं साधन स्वतः बरोबर आहे का, ते मोजायचं. ज्याचा भरवसा नाही त्या गेजला लाल टॅग लावून कपाटात कुलूपबंद करायचं, मग लाइनवरचा सुपरवायझर कितीही घाईत असो. हीच सवय घरातही आहे. सोसायटीने प्रत्येक फ्लॅटला मीटर बसवल्यापासून, म्हणजे चार वर्षं, मी रोज सकाळी सहा वाजता आमच्या मीटरचं रीडिंग वहीत लिहिते. मी, नवरा आणि सासूबाई, अशा तीन माणसांची सरासरी तीनशे अठरा लिटर. पिंपं गच्चीवर जाताना मी बघत होते आणि काही बोलले नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

मुलगी शुक्रवारी संध्याकाळी आली. एकवीस वर्षांची, उंच, कमी बोलणारी. माझ्याशी इंग्रजीत बोलायची. सासूबाईंना पहिल्या दिवसापासून आजी म्हणायला लागली आणि त्यापुढे त्या दोघींचं खुणांवर चालायचं. शनिवारी सकाळी सहाला मी वही घेऊन मीटरपाशी गेले, तर ती आधीच तिथे उभी होती. तिने शेवटचा लाल आकडासुद्धा लिहून घेतला. तो लोक सहसा सोडून देतात. मला ती त्याच क्षणी आवडली.

त्यानंतरचे दिवस घर दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं चाललं. चादरी रोज बदलल्या. धुतलेली भांडी पुन्हा धुतली गेली. सासूबाई निघोजे गावच्या, विहिरीवरून पाणी आणलेल्या. ओट्यावर सांडलेलं पाणीही त्या फडक्यात टिपून कुंडीत पिळतात. त्या आठवड्यात त्यांनी नळ सोडून पालेभाजी धुतली. मुलगी सकाळी उठली की सासूबाई तिच्या हातात आंघोळीचा टॉवेल द्यायच्या, संध्याकाळी आली की पुन्हा टॉवेल. जिना रोज धुतला जात होता, पण ते पाणी आमच्या मीटरवर नव्हतं.

दिवसा त्या मुलांना भेटींना नेत. एका कारखान्यात पाण्याचा पुनर्वापर कसा होतो ते पाहून ती आली. तिथे प्रत्येकाला पाण्याची एक सीलबंद बाटली दिली होती. पुनर्वापराचं पाणी कुठे वापरतात असं विचारल्यावर तिला हिरवळ दाखवली होती.

आमच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी असते. त्या संध्याकाळी तिने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मला आलेख दाखवला. पाच दिवसांचे पाच खांब, सरासरी सहाशे नव्वद लिटर. शेजारी तिच्या स्वतःच्या घरचा खांब होता: माणसं तीन, लिटर तीनशे साठ. खाली तिने निष्कर्षाचा मसुदा लिहिला होता. तुटवड्याच्या भागात राहूनही या कुटुंबाच्या सवयींमध्ये तुटवड्याची जाणीव दिसत नाही. जनजागृतीची गरज आहे. मला वाईट वाटू नये म्हणून तिने हे फार हळू आवाजात वाचलं. शनिवारी अकरा वाजता ती हेच वाचणार होती, आणि त्यावर तिला गुण मिळणार होते.

तिच्या मोजण्यात एका थेंबाची चूक नव्हती. खोटं घर होतं.

मी आत जाऊन नवऱ्याला सांगितलं की मी तिला खरं सांगणार आहे. तो म्हणाला, आता पाच दिवस गेले, दोन राहिले, कशाला. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"पाव्हणीला मोजून पाणी द्यायचं व्हय? आमी असं कधी केलं न्हाई."

"द्यायचं नाही, आई. फक्त सांगायचंय."

"सांग की. पिंपं उघडी टाक, बादल्या मांड. समदा मुलूख हसंल, म्हणंल यांच्या घरात प्यायला पाणी न्हाई."

मी म्हटलं, आता ती जे वाचणार आहे त्यात असं येईल की यांच्या घरात पाणी आहे आणि यांना त्याची किंमत नाही. हे सासूबाईंना दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि ती उलटायची विसरल्या.

मुलीला मी गच्चीवर घेऊन गेले. फ्लेक्स उचलला, पिंपं दाखवली, मग खाली येऊन चार वर्षांची वही तिच्यासमोर ठेवली. तिने पानं उलटली, लॅपटॉपकडे पाहिलं, पुन्हा वहीकडे पाहिलं. मला वाटलं होतं रागावेल. ती लाल झाली, पण वेगळ्याच कारणाने.

"मलाही एक सांगायचंय," ती म्हणाली. "माझ्या घरी मी आठवड्यातून तीनदा आंघोळ करते. इथे दिवसातून दोनदा करते, कारण आजी टॉवेल घेऊन दारात उभ्या असतात. आम्हाला बजावलं होतं, यजमानांचा मान राखा."

म्हणजे आम्ही तिच्यासाठी पाणी ओतत होतो आणि ती आमच्यासाठी. त्या सहाशे नव्वदमध्ये कुणाचीच गरज फारशी नव्हती, नुसता मान होता.

आता करायचं काय, हा प्रश्न तसाच राहिला. माझी वही तिला वापरता येणार नव्हती. कोर्सच्या नियमाप्रमाणे विद्यार्थ्याने स्वतः घेतलेलं रीडिंगच ग्राह्य होतं. नियम मला पटला. माझ्याकडेही दुसऱ्याने तोंडी सांगितलेलं माप चालत नाही. पण शुक्रवार सकाळ ते शनिवार सकाळ हा सातवा दिवस तिच्या हातात होता, आणि शुक्रवारी तिला घरी बसून अहवाल लिहायचा होता. एक दिवस घर जसं असतं तसं चालवायचं आणि तिने ते मोजायचं, असं मी सुचवलं. नवऱ्याची अडचण सेक्रेटरीची होती. चोवीस तासांचं पाणी बंद केलं तर दुसऱ्या मुलीच्या यजमानांना काय सांगायचं? मी म्हटलं, सोसायटीचं राहू दे, आपल्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह आपण वेळेवर बंद करू.

खरी परवानगी सासूबाईंची हवी होती. मी शुक्रवारी कामावर जाणार. घर त्याच चालवणार. मुलगी स्वतः स्वयंपाकघरात गेली आणि आरओची नळी बोटात धरून उभी राहिली. नळीखाली बादली नाही, हे खुणेनं दाखवलं.  सासूबाईंनी ओट्याखाली मागे सरकवलेली ती बादली बाहेर ओढली आणि मला म्हणाल्या, "सांग तिला, उद्या ती पाव्हणी न्हाई. फरशी तीच पुसंल."

शुक्रवारी सकाळचं रीडिंग घेतलं तेव्हा सहाव्या दिवसाचे नेमके सहाशे नव्वद लिटर भरले. आकडे इतके बेतशीर जुळले की एरवी मला साधनावरच संशय आला असता. मी सात दहाच्या बसने गेले. संध्याकाळी परतले तेव्हा पिंपं बाल्कनीत होती, मुलगी गुडघ्यावर बसून आरओच्या पाण्याने फरशी पुसत होती आणि सासूबाई खुर्चीत बसून कोपरे दाखवत होत्या. टॉवेल दिवसभर खुंटीवरच होता.

शनिवारी सकाळी सातव्या दिवसाचा आकडा आला चारशे दोन. माणसं चार.

मी रजा टाकली होती; अकरा वाजता आम्ही तिघंही कॉलेजच्या हॉलमध्ये होतो. प्रत्येकाला सात मिनिटं दिली होती. तिने आलेख पडद्यावर लावला, सहा उंच खांब आणि एक बुटका, आणि सहा दिवसांचे आकडे का धरू नयेत ते सांगायला सुरुवात केली. पाहुणचार म्हणजे काय हे समजावण्यातच तिची पाच मिनिटं गेली. मग घंटा झाली. तिच्या विद्यापीठाचे प्राध्यापक उभे राहिले, प्रसन्न चेहऱ्याचे गृहस्थ. ते म्हणाले की हा आलेख स्वतःच बोलतो: विद्यार्थिनी घरात राहिली, संवाद झाला, आणि एका आठवड्यात कुटुंबाने पाण्याचा वापर बेचाळीस टक्क्यांनी कमी केला. अशा कोर्सची गरज याहून चांगली कशी दाखवणार. टाळ्या झाल्या. मुलीने हात वर केला होता, पण पुढचा विद्यार्थी मंचावर आला होता. आमच्या कुटुंबाला जलजागरूक म्हणून प्रमाणपत्र मिळालं. ते सासूबाईंनी दोन्ही हातांनी घेतलं. बेचाळीस टक्के मी मनातल्या मनात तपासले. गणित बरोबर होतं.

निघताना ती माझ्या वहीच्या काही पानांचे फोटो घेऊन गेली. त्या आठवड्याच्या सहा ओळींवर मी लाल पेनने रेघ मारली होती, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'धरू नये' लिहिलं होतं. अहवाल लेखी द्यायला तिला अजून तीन आठवडे होते.

दीड महिन्याने तिचा मेल आला. लेखी अहवालात तिने बेचाळीस टक्क्यांचा निष्कर्ष घेतलाच नव्हता. एका दिवसाच्या आकड्यावरून काही सिद्ध होत नाही, आणि सहा दिवस आम्ही सगळे एकमेकांना दाखवण्यासाठी पाणी वापरत होतो, असं स्पष्ट लिहिलं होतं. प्राध्यापकांचा शेरा होता की मोजमाप उत्तम आहे, परंतु विद्यार्थिनीला निष्कर्षापर्यंत पोहोचता आलं नाही. सादरीकरणाला तिला वर्गात सर्वांत जास्त गुण होते, अहवालाला जेमतेम. अहवाल पुन्हा लिहून देण्याची मुभा होती, ती तिने घेतली नाही.

मी हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या बाल्कनीत पिंपावरचं झाकण पुसत होत्या.

"पास झाली का पण?"

"झाली."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या, आणि मी मागे सांगितलेल्या त्या आठवड्यातून तीन आंघोळी अजून चालू आहेत का, तेवढं विचारून घ्यायला सांगितलं.