वरचे काका आणि दह्याचं कारण

कारणाशिवाय हा माणूस आयुष्यात कधी शिंकलासुद्धा नसेल. इंदूरजवळच्या आमच्या शहरात, माधव नगरातल्या आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतात म्हणून ते आमचे वरचे काका. उभा जन्म कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, आणि रिटायर झाल्यावर वर्ग सुटला तरी शिकवणं काही सुटलं नाही. माणूस म्हणजे नेमकं काय, यावर जगभरच्या शहाण्यांनी जे जे म्हणून ठेवलंय ते सगळं ते मला जिन्यात गाठून ऐकवत. कुणी म्हणतं, बुद्धी हा सारथी आणि वासना हे घोडे. कुणी म्हणतं, छे, रथ घोडेच नेतात, सारथी नुसता लगाम धरून ऐटीत बसतो. काका कट्टर सारथीवाले. "अरे, बुद्धी काढून घेतली तर तुझ्यात आणि टावर चौकातल्या सांडात फरक काय उरला?" असं विचारून ते माझ्याकडे असे बघत, की मला खरोखरच फरक शोधावासा वाटे. त्याच चौकातल्या पोहेवाल्याला त्यांनी एकदा भर गर्दीत विचारलं, "भैया, पोहे पर सेव क्यों डाली?" तो बिचारा म्हणाला, "सर, सब डालते हैं।" "सब डालते हैं, ये कारण नहीं हुआ, ये तो भीड़ हुई!" मागची रांग खोळंबली, कढईतली जलेबी करपली. पुढे पोहेवाला इतका तयार झाला, की काका दिसले की प्लेट पुढे करता करताच सांगून टाकी, "सर, पोहा नरम है, सेव कुरकुरी है, इसलिए।" काका प्रसन्न होऊन खात.

हा सारथी घरात मात्र रोज हरे. काकूंचं तत्त्वज्ञान पोळ्या लाटता लाटता तयार झालेलं होतं. "माणूस आधी करून बसतो अन् मग कारण शोधत फिरतो," त्या म्हणत. "तुमची बुद्धी म्हणजे वकील आहे हो. मनानं जे करायचं ते कधीच करून टाकलेलं असतं." यावर काका पोळी हातात तशीच धरून अर्धा तास बोलत आणि काकू, "पोळी थंड होतेय, पहिले जेवा," एवढंच उत्तर देत. त्यांचा खरा सामना व्हायचा दह्यावरून. काका पेपर तपासायला इंदूरला निघाले, की काकू दहीसाखरेची वाटी घेऊन दारात उभ्या. "दह्याचा आणि बसचा कार्यकारणसंबंध काय?" काका विचारत. "फालतूची बहस नको, हात पुढे करा." मग जिन्यात वाद रंगे, शेवटी काका दही चाटून धावत सुटत आणि बस चुके. परत येऊन विजयी मुद्रेनं सांगत, "दह्यानं काम होतं हा समज, दह्यानं बस चुकते हा अनुभव!" काकू त्यांच्या हातावर पुन्हा दही घालत. आता नव्यानं निघायचं होतं ना.

घराची किल्ली काकांनी कधी बाळगली नाही. घरात माणूस असताना किल्ली खिशात ठेवणं तर्काला धरून नाही, असं त्यांचं म्हणणं. खालून वर जायचे आणि बेलवर बोट ठेवायचे ते काकूंचा "आले, आले" असा आवाज येईपर्यंत उचलायचे नाहीत. गेल्या वर्षी काकू गेल्या. रात्रीतून तबियत बिघडली, इंदूरला नेलं, तिथून त्या परत आल्या नाहीत. तेव्हापासून वरून वादाचा आवाज येत नाही. कुकरची शिट्टी होते आणि मग बराच वेळ काहीच होत नाही. संध्याकाळी काका रामघाटावर जाऊन बसतात. विचारलं तर म्हणतात, पायऱ्यांनी गुडघ्यांना व्यायाम होतो. मी त्यांना तिथं पाहिलंय. ते पायऱ्या चढत नाहीत, उतरत नाहीत, नुसते पाण्याकडे बघत बसतात. मला फार वाईट वाटतं.

यंदा डॉक्टरांनी त्यांना हृदयाचं ऑपरेशन सांगितलं, तेही लवकर. पुण्याहून लेक रोज फोन करी आणि काका रोज एक नवं कारण देत. आधी ऊन फार, मग पाऊस फार, मग डॉक्टर वयानं फारच लहान. एकेक कारण असं चोख, की खोडून काढायची सोय नाही. "काका, भीती वाटते का?" माझ्या बायकोनं एकदा सरळच विचारलं. "भीती हे कारण नसतं बेटा, ती भावना असते," म्हणाले आणि चहा अर्धा ठेवून वर गेले. शेवटी लेकच आली न्यायला. निघायच्या सकाळी ती खाली टॅक्सीत सामान ठेवत होती आणि काका आमच्या दारात येऊन उभे राहिले. "घरात दही आहे का गं?"

बायकोनं साखर घालून दही आणलं. काकांनी मुकाट्यानं हात पुढे केला. इतक्या वर्षांची सवय, माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, कारण?"

त्यांनी दही खाल्लं, रुमालानं हात पुसला. "ती इंदूरला निघाली ना, तेव्हा दह्याचं माझ्या लक्षातच आलं नाही," ते म्हणाले. "फरक पडला नसता. मला पक्कं ठाऊक आहे, काही फरक पडला नसता." आणि कठडा धरून हळूहळू जिना उतरले. बायको रिकामी वाटी घेऊन कितीतरी वेळ दारातच उभी होती.

ऑपरेशन छान झालं. परत आले त्या दुपारी लेक खाली टॅक्सीतून पिशव्या काढत होती, किल्ली तिच्या पर्समध्ये. काका थांबत थांबत पुढे चढले. आम्हाला वरून बेल ऐकू आली. बाहेरून कुलूप घातलेल्या, आत कुणी नसलेल्या घराची ती बेल वाजतच राहिली. मी धावत वर गेलो. काकांनी बोट उचललं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बेल चालते की नाही, ते बघत होतो."

"चालते, काका," मी म्हणालो. "खालपर्यंत ऐकू येते."