वज्रमालेचा झगा

आमच्या शिवणक्लासातले किस्से सांगायला बसलं की माझी नात म्हणते, "आजी, तुम्ही तिथे शिवत कधी होता?" प्रश्न बरोबर आहे! चार बायका, एक हातमशीन आणि गावात दुसरी करमणूक नाही, एवढं असलं की किस्से आपोआप होतात. ते मुद्दाम कुणी करत नाही. एक संपेपर्यंत दुसरा दारात उभा!

तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. रेवसजवळच्या आमच्या गावात माईंनी पडवीत शिवणक्लास काढला होता. माई म्हणजे हेडमास्तरांची बायको. मशीन त्यांचं, त्यामुळे शिस्तही त्यांचीच. शिकायला आम्ही तिघी. मी नवी सून, खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातली बानू, आणि गोदाकाकू. काकूंचं वय पंचेचाळीस, मुलं सहा, आणि शरीर दोन माणसांना पुरेल असं.

त्या चैत्रात जत्रेला एक फिरती नाटकमंडळी आली. नाटकाचं नाव आता आठवत नाही, पण त्यातली राणी वज्रमाला आठवते. झगा, चिलखत, हातात तलवार! ती रंगमंचावर आली आणि दोन्ही सैन्यांना म्हणाली, "खाली ठेवा ती शस्त्रं!" सैन्य म्हणजे दोन्हीकडे तीन-तीन माणसं, पण सगळी गप्प.

परत येताना गोदाकाकूंनी वाटेतली एक काठी उचलली, ती घरापर्यंत तलवारीसारखी धरली. दुसऱ्या दिवशी क्लासात येऊन म्हणाल्या, "माई, नवरात्रात आपण बायकांचं नाटक करू. आणि मी वज्रमाला होणार. घरात आजवर माझं कुणी ऐकलेलं नाही. निदान नाटकात तरी ऐकतील!"

माईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, "झग्याचा रंग कोणता होता गं?"

* * *

इथेच पहिलं भांडण. मी म्हटलं निळा. बानू म्हणाली लाल. गोदाकाकू म्हणाल्या हिरवा. तिघी एकाच सतरंजीवर, एकाच बत्तीच्या उजेडात बसलो होतो!

चार दिवस कुणी कुणाशी धड बोलेना. शेवटी माईंनी त्या मंडळींच्या मॅनेजरला पोस्टकार्ड टाकलं. महिन्याभराने उत्तर आलं. माईंनी ते मोठ्याने वाचलं.

"सप्रेम नमस्कार. आमच्याकडे झगा एकच आहे. राणी, परी आणि राक्षस तोच घालतात. मूळ रंग आम्हालाही आठवत नाही. आपणांस समजल्यास कृपया कळवावे."

मग हिरवा ठरला. वाण्याकडे रंगाची तेवढीच पुडी होती.

* * *

कापड आणलं गोदाकाकूंच्या यजमानांनी, तात्यांनी. ते मुंबईला गोदीत कारकून होते. लढाईत उरलेली पॅराशूटं तेव्हा मुंबईच्या बाजारात विकायला यायची. तात्यांनी एक अख्खं पॅराशूट घेतलं, दोऱ्यांसकट! भाऊच्या धक्क्यावर लॉन्चमध्ये बसले आणि रेवसला उतरले.

उतरल्यावर त्यांना वाटलं, बायकोला घरी नीट घडी घालून द्यावी. म्हणून धक्क्यावरच त्यांनी ते गाठोडं सोडलं. वैशाखातला दुपारचा वारा! कापड फुगलं. तात्या मुळात काडीसारखे, त्यात दोऱ्या मनगटाला गुंडाळलेल्या. धक्क्यावरून तात्या पळत सुटले. म्हणजे पळत नव्हते, नेले जात होते!

लोक ओरडत होते, "तात्या, सोडा! सोडा ते!"

तात्या ओरडले, "सोडू कसं? हिचा झगा आहे!"

आणि गेले थेट खाली चिखलात. बानूचा नवरा तिथे होडीला डांबर लावत होता, त्याने त्यांना काढलं आणि चिखल टपकत होता तसंच घरी आणून सोडलं. दारात गोदाकाकू उभ्या. त्यांनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "फाटलं का हो?"

तात्या म्हणाले, "धोतर?"

"कापड!"

* * *

माप घ्यायला माई टेप घेऊन उठल्या, तर गोदाकाकूंनी लाजून चिठ्ठीच पुढे केली. घरूनच लिहून आणली होती. माई करड्या असल्या तरी कागदावर लिहिलेलं त्यांना प्रमाण! त्यांनी तसा झगा बेतला, शिवला. आठ दिवसांनी फिटिंग. झगा काकूंच्या खांद्यांवरून उतरला आणि तिथेच अडला.

माईंनी चिठ्ठी पुन्हा वाचली. "कंबर चोवीस. गोदे, ही कंबर कुणाची?"

"माझीच!"

"कधीची?"

काकू जमिनीकडे बघत म्हणाल्या, "लग्नातली."

आता पाठीमागे वीतभर फट. कापड संपलेलं, कारण उरलेल्या पॅराशूटचा माईंनी आधीच पडदा शिवला होता. गोदाकाकू रडायच्या बेतात. तेवढ्यात बानू म्हणाली, "काकू, रडू नको गो. माझ्याकडं जुनं जालं हाय. मागं तंच लावू. मासा कवडाबी मोठा आसला, जालं ताणतंय!"

काकूंचं रडू जागच्या जागी थांबलं. "मासा कुणाला म्हणालीस?"

"झग्याला म्हटला, तुला न्हाय!" बानू म्हणाली आणि दोरा ओवायला लागली.

* * *

चिलखत मी केलं. तुपाचा मोठा डबा कापला, ठोकून सपाट केला, मग छातीच्या आकाराला वळवला आणि वरून सोनेरी रंग दिला. पण रंग पातळ होता. सावलीत सोनं दिसायचं आणि उन्हात खालची अक्षरं! छातीवर ठळक, "निव्वळ वजन ३६ पौंड".

काकूंना फार आवडलं. त्या तशाच घरी दाखवायला गेल्या. काकू अंगणात उन्हात उभ्या, सासूबाई ओसरीवर वाती वळत होत्या. त्यांनी डोळे बारीक करून एकेक अक्षर जुळवत वाचलं आणि म्हणाल्या, "हे खोटं आहे."

मग चिडून म्हणाल्या, "आणि ऐकून ठेव गोदे! या घरातून बाई पत्रा घालून बाहेर पडणार नाही!"

गोदाकाकूंनी मान खाली घातली. पंचवीस वर्षं घालत होत्या तशीच. पण दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "त्या म्हणाल्या, *या* घरातून नाही."

* * *

नाटक पहिल्या माळेला, दुपारी तीनला, देवळाच्या मंडपात. गोदाकाकू सकाळी लुगडं नेसून, हातात रिकामी पिशवी घेऊन, "खाडीपलीकडून मीठ घेऊन येते" म्हणून निघाल्या. मी बरोबर. खाडी ओलांडून बानूच्या घरी गेलो. तिथे आम्ही दोघींनी त्यांना झगा घातला, पाठीमागे जाळं आवळलं, चिलखत बांधलं, डोक्यावर मुकुट ठेवला. दोन वाजता परत निघालो. बानू वल्हवत होती, मी पिशवी सांभाळत होते आणि गोदाकाकू मधोमध बसून डायलॉग पुटपुटत होत्या. "शालू, मला जमेल ना गं? तोंडच उघडलं नाही तर?"

बोलण्याच्या नादात बानूचं पाण्याकडे लक्ष राहिलं नाही. ओहोटी लागली होती. पलीकडच्या एका गावाच्या बांधाजवळ होडी चिखलात रुतली ती रुतलीच!

आणि त्या बांधावर मारामारी जुंपलेली. आमच्याकडे भातशेतीत खारं पाणी येऊ नये म्हणून बांध घालतात आणि पावसाचं पाणी बाहेर काढायला त्यात लाकडी दार ठेवतात. त्याला म्हणतात उघाडी. तिच्यावरून त्या गावच्या दोन आळ्यांत वर्षानुवर्षं वैर. त्या दिवशी वीस-पंचवीस माणसं समोरासमोर, काठ्या उगारलेल्या. एकाच्या कपाळातून रक्त येत होतं.

बानू म्हणाली, "खाली वाका! दगूड येतील."

मी वाकले. गोदाकाकू उठल्या! होडी डुगडुगली. नवरात्रातलं ऊन थेट त्यांच्या चिलखतावर पडलं. आणि जो आवाज सहा मुलांच्या आईने जन्मात कधी काढला नव्हता, तो निघाला.

"खाली ठेवा ती शस्त्रं!"

सगळे वळले. चिखलात हिरवा झगा, लांबून सोनेरीच दिसणारी छाती, डोक्यावर मुकुट. एक काठी खाली पडली. मग दुसरी. मग सगळ्याच.

एक म्हातारा गुडघाभर चिखल तुडवत होडीपर्यंत आला आणि हात जोडून म्हणाला, "बाय, ही उघाडी कुनाची, तं आता तूच सांग."

हे काही नाटकात नव्हतं! काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी बानूकडे पाहिलं. बानूने डोळे मिटून घेतले होते. मग काकूंनी घसा साफ केला आणि म्हणाल्या, "एका आळीने उघडायची. दुसऱ्या आळीने लावायची. आणि आता मला उशीर होतोय!"

दोन्ही आळ्यांच्या माणसांनी मिळून होडी उचलली, आम्हा तिघींसकट, आणि खोल पाण्यात नेऊन ठेवली. मंडपात पोचायला चार वाजले. माई दारातच उभ्या होत्या. "गोदे! होतीस कुठे?"

"वाटेत काम निघालं," काकू म्हणाल्या आणि थेट आत गेल्या. नाटक झालं. त्या एकदाही अडखळल्या नाहीत.

बारा-तेरा वर्षांनी कुणाच्या तरी लग्नाला मी त्या गावाला गेले. बांधावरून चालताना एक माणूस उघाडीचं दार वर ओढत होता. मी सहज विचारलं, "दार तुम्हीच उघडता का?"

"व्हय. आमी उघडतो. लावतात ते, वरच्या आळीचे."

"असं का?"

"रानीचा हुकूम हाय."

मी विचारलं, "कुठली राणी?"

त्याने दार अडकवलं, हात झटकले आणि पाण्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ओहोटीला आली व्हती, ती."